कपाची हद्द

"बाबा, मला दूध."

नको. मांजर बोलल्यासारखं वाटतं.

"बाबा, एक सांगायचं होतं."

हे तर अजिबात नको. त्यांना वाटेल, चालली माहेरी.

सून जिना चढताना वाक्य घोटत होती. वर सासऱ्यांचं घड्याळदुरुस्तीचं टेबल. तिथे साखरेला बंदी, मुंग्या येतात म्हणून. दुधाला बंदी, कारण घड्याळाच्या पोटात थेंब गेला की झालंच कल्याण. म्हणून कॉफी काळी. आणि काळी पिणाऱ्यालाच शेजारचं स्टूल.

लग्न होऊन आठवडाही झाला नव्हता तेव्हा त्यांनी विचारलं होतं, "काळी चालते?"

तिला घड्याळं शिकायची होती. "आवडते," ती म्हणाली.

नुसतं चालते म्हणायचं! आवडते म्हटलं नि रोज संध्याकाळी एक कप गळ्यात पडला. त्यापेक्षा काढा बरा.

नवऱ्याला स्टूल कधीच मिळालं नाही. त्याला साखर लागते. सासूबाई खालून ओरडतात, "बघा, बसलेत दोघं एरंडेल प्यायल्यासारखी तोंडं करून!"

दार. टेबल. वाफाळते दोन कप, दोन्ही काळे.

"बाबा."

"भिंग दे."

दिलं.

"मला काळी कॉफी आवडत नाही. कधीच आवडली नाही. उद्यापासून दूध-साखर घालून पिणार. आणि स्टूल सोडणार नाही."

चिमटा हवेत थांबला. चिमट्यात स्क्रू.

"साखर किती?"

"दोन चमचे."

"नवऱ्याच्या वळणावर गेलीस."

"त्याला तो स्क्रू दिसत नाही. मला दिसतो."

"सांडली तर?"

"सांडली तर घड्याळ मीच खोलीन, धुईन, जोडीन."

"येतं?"

"तुम्हीच शिकवलंत."

स्क्रू जागेवर बसला. मग त्यांनी खडू शोधला आणि टेबलाचा एक कोपरा रेघ मारून तोडला.

"कप इथे. रेघ ओलांडली की स्टूल गेलं."

तिने कप ठेवून पाहिला. "बशी मावत नाही."

"मग बशी नाही."

तिने फडक्याने रेघ पुसली आणि थोडी पुढे सरकवून पुन्हा ओढली. हात हलला नाही.

सासऱ्यांनी डोळ्याला भिंग लावून रेघ तपासली. या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"एक बोट दिलं. हात मागायचा नाही."

मग तिचा कप स्वतःकडे ओढून म्हणाले, "आण इकडे. वाया कशाला घालवायची?"