गंज असावा तर असा

मित्रांनो, मी एक जुना रणगाडा आहे. पळू नका! लांबी वीतभर, अंग प्लास्टिकचं, तोफ सायकलच्या स्पोकची. युद्ध कधी पाहिलं नाही, मार मात्र भरपूर खाल्ला.

पांढरकवड्यात कय्युमचं गाड्यांच्या डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज आहे. त्याचा धाकटा भाऊ जमीर, त्याने मला तिथेच जोडलं. पहिला रंग बिघडला म्हणून त्याने गॅरेजचा थिनर चोळला, तर माझी कातडीच विरघळली. मग ब्लेडने खरवडलं, तापल्या सुईने गोळ्यांची भोकं पाडली, तपकिरी रंगाचा गंज चढवला, केळापूरच्या शेतातली काळी माती चाकांत भरली. दुखलं फार, पण आरशात पाहिलं तेव्हा वाटलं, मी खरंच कुठल्यातरी लढाईतून जिवंत परतलोय.

यवतमाळच्या खेळण्यांच्या मॉडेल-प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी जमीर माल आणायला गेला आणि मी कय्युमच्या हाती लागलो. त्याचा सगळा जन्म पोचे काढण्यात गेलेला. भावाची गाडी अशी गंजकी कशी जाऊ द्यायची? बिचाऱ्याने मायेने पॉलिश पेपर घासला, भोकांत पुट्टी भरली, वरून लॅकर मारलं. मी वरातीतल्या गाडीसारखा चमकू लागलो. मला भारी लाज वाटली.

"पाह्य, कशी नवी कोरी केली!" जमीर आल्याबरोबर कय्युम हसत म्हणाला.

जमीरचा चेहरा पांढराफटक पडला. "भाई, तू कायले हात लावला?"

"गंज होता ना बे सारा!"

जमीरने मला उचललं आणि अंगातला सगळा जोर लावून भावाच्या तोंडावर फेकलं. माझी तोफ कय्युमच्या भुवईत घुसली. जन्मात मी एकदाच वार केला, तोही घरच्याच माणसावर. रक्त माझ्या अंगावर ओघळलं. कय्युमने जमीरला कानफटात मारून जॅकवर पाडलं, लाथा घातल्या. त्यांची अम्मी, बिस्मिल्लाबी, मध्ये पडली नसती तर एकाचा जीव गेला असता.

"गॅरेजात पाय नको ठेवू आता!" कय्युम डोळा दाबून ओरडला.

जमीरने रात्रभर घरी बसून लॅकर घासलं, सुईने पुट्टी उकरली, पुन्हा गंज चढवला. तोफेच्या बुरुजाखालच्या एका तपकिरी ओघळाला मात्र त्याचा हात लागेना. कुंचला दरवेळी वळसा घालून जायचा.

प्रदर्शनात सगळे नेमके त्याच ओघळापाशी थांबले. "वा, गंज असावा तर असा! कोणता रंग वापरला?" एका परीक्षकाने विचारलं. जमीरने मला रुमालात गुंडाळलं आणि निकालाची वाटही न पाहता परतीची बस पकडली.

गॅरेजच्या दारातूनच त्याने मला पुढे केलं. कय्युमच्या भुवईला टाके होते. त्याने मला पेंटरच्या नजरेने फिरवून पाहिलं. बोट ओघळावर थांबलं.

"हा रंग आपल्या दुकानातला नाही."

"तुझाच हाय, भाई," जमीर म्हणाला आणि रडू लागला.

कय्युमने पॉलिश पेपर काढून दिला. "घास मंग. आत ये, उन्हात कायले उभा?"

मित्रांनो, माझा डाग निघाला. माझी भोकं बुजतात, पुन्हा पाडताही येतात. कय्युमची भुवई मात्र तिरपीच राहिली. तो एखाद्या गाडीचा आरसा पुसायला लागला की जमीर मान खाली घालतो. म्हणून सांगतो, राग आला तर हातातली वस्तू आधी खाली ठेवा. मी फेकला गेलो तेव्हा मला थांबता येत नव्हतं. जमीरला येत होतं.