सुप्याचा वेगळा गोठा

धर्मपाल गुरुजींना माऊस धरायला शिकवलं ते जेबानं. ती सहावीत होती आणि गुरुजींना निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली होती.

"गुरुजी, इतकं दाबून नका धरू. तो पळून नाई जात."

"मंग हा बाण काहून पळून राहिला?"

"तुमचा हात कापते म्हणून."

गुरुजींनी तळवा धोतराला पुसला आणि पुन्हा माऊसवर ठेवला.

बार्शीटाकळीच्या बसस्टँडमागे नासिरचं झेरॉक्सचं दुकान होतं. पुढच्या बाजूला लोक पीकविम्याचे फॉर्म भरायला उभे असत. मागे, कागदाच्या गठ्ठ्यांआड, नासिरच्या मुलाचा, जेबाच्या मोठ्या भावाचा, रय्यानचा कॉम्प्युटर होता. जुने सुटे भाग आणून रय्याननं तो स्वतःच जोडला होता. त्यात एक खेळ होता. मोठं उद्यान बांधायचं, कुंपणं घालायची, अंड्यांतून डायनोसॉर काढायचे आणि त्यांना जगवायचं. रय्यान आणि गुरुजींचा नातू ललित, दोघांनी वर्षभर खपून असं एक उद्यान उभं केलं होतं.

त्यात एक पालाखाऊ जनावर होतं. चरताना चार पायांवर वाकायचं, उंच फांदीचा पाला हवा असला की दोन पायांवर उभं राहायचं. पाठीवर मानेपासून शेपटीपर्यंत उंच, ताठ पडदा. पुस्तकात या पडद्याला जहाजाचं शीड म्हणतात. पण बार्शीटाकळीत शीड कोणी पाहिलंय? "याच्या पाठीवर तं कोनं सूप उभं करून ठेवलं," असं रय्यान म्हणाला आणि त्या दिवसापासून त्याचं नाव सुप्या पडलं.

भादव्याच्या शेवटी दोघं पोरं रोजानं फवारणीला गेली. ललितला अमरावतीच्या क्लासला परत जायचं होतं, रय्यानला कॉम्प्युटरचा एक भाग घ्यायचा होता. त्या वर्षी कपाशी डोक्याच्या वर गेली होती. पाठीवरच्या पंपाची नळी वर धरून फवारलं की औषध पुन्हा तोंडावरच पडे. संध्याकाळी दोघांनाही ओकाऱ्या लागल्या. रय्यान तिसऱ्या दिवशी गेला. ललित वाचला, पण त्याला नुसता उजेड आणि सावल्या दिसत. तो अकोल्याच्या दवाखान्यात होता. नजर परत येईल की नाही हे आत्ता सांगता येणार नाही, त्याच्या मनाला जपा, एवढं डॉक्टर म्हणाले.

गुरुजींनी जपायचं म्हणजे काय ते आपल्या परीनं ठरवलं. रय्यानचं त्याला कळू द्यायचं नाही. हे ऐकलं तर पोरगा हाय खाईल, हातचा जाईल. त्यांनी घरच्यांना बजावलं. मित्र भेटायला आले, त्यांना वॉर्डाच्या दारातूनच परत पाठवलं. दारावरच्या शिपायालाही सांगून ठेवलं, घरच्यांशिवाय कोणाला आत सोडू नको.

ललित रोज एकच विचारी. "आबा, सुप्या कसा हाय?"

पहिल्या दिवशी गुरुजी म्हणाले, "मजेत आहे."

"काय करून राहिला?"

गुरुजी अडकले. पस्तीस वर्षं त्यांनी गृहपाठ न करता आलेल्या पोरांचे चेहरे पाहिले होते. आपला चेहरा आत्ता तसाच झाला असेल, पण याला दिसत नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं आणि त्यांना फार वाईट वाटलं.

म्हणून ते नासिरच्या दुकानात गेले. मुलाला माती देऊन नासिरला नऊ दिवस झाले होते. काय म्हणून मागावं, हे गुरुजींना सुचेना. नासिर त्यांचा जुना विद्यार्थी. त्यानं ऐकून घेतलं, रय्यानची खुर्ची पुसून पुढे सरकवली आणि म्हणाला, "बसा गुरुजी. जेबाले येते सारं."

मग तो नेमच झाला. सकाळी तासभर जेबाची शिकवणी. ती शाळेत गेली की गुरुजी अकोल्याची बस धरत आणि दुपारी ललितच्या खाटेशी बसून सांगत: आज सुप्या तळ्यावर गेला होता, आज त्यानं त्या तीन शिंगांच्या दांडगटाला वाट दिली नाही. ललित डोळे मिटून ऐके. दुसरं काही बोलत नसे. जेवण आणलं तसं परत जाई.

शनिवारी जेबाची सकाळची शाळा होती. गुरुजी एकटेच कॉम्प्युटरसमोर बसले. आज सुप्याचं काहीतरी बिघडलं होतं. मान खाली, चाल जड, कळपाच्या मागे मागे रेंगाळत होता. गुरुजी शाळामास्तर झाले तरी वाढले होते बैलांत. दुखणाईत जनावर आधी वेगळं बांधायचं, म्हणजे बाकीची त्याला ढुसण्या देत नाहीत आणि त्याचं दुखणं त्यांना लागत नाही. त्याच्यापुढे गव्हाण भरून ठेवायची आणि त्याला निवांत पडू द्यायचं. कुंपण ओढायला ते आता शिकले होते. पाऊण तास लागला, कपाळाला घाम आला, दोनदा कुंपण तळ्यातच गेलं. पण शेवटी सुप्याभोवती चांगला चौकोनी गोठा झाला. त्यात चाऱ्याची गव्हाण ठेवली. एवढं सगळं आपण एकट्यानं केलं, याचं त्यांना जरा कौतुकही वाटलं. बसची वेळ झाली म्हणून ते कॉम्प्युटर तसाच चालू ठेवून निघाले.

दुपारी त्यांनी ललितला सांगितलं. "त्याला वेगळा गोठा करून दिला. भरपूर चारा आहे. आराम करतोय."

"एकटाच?"

"एकटाच. कोणाचा त्रास नाही."

ललितनं भिंतीकडे तोंड फिरवलं.

रविवारी गुरुजी दुकानात आले तेव्हा जेबा स्टुलावर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. कॉम्प्युटरच्या पडद्यावर गोठा रिकामा होता. कुंपण एका बाजूनं मोडलेलं.

"काय केलं गुरुजी तुमी?"

"आजारी होता, म्हणून वेगळा—"

"त्याले कळप लागते." तिनं बोटानं एक रेघ दाखवली. "एकटा रायला की त्याच्या खुशीची ही रेघ उतरते. समोर कितीबी चारा असू द्या, उतरते. मंग कुंपणाले धडका देते. मी शाळेतून आली तवा तो बाहेर पडेल होता. हालत नव्हता." मग ती म्हणाली, "दवाईची गाडी पाठवाची असते. ते मी शिकवलंच नाई तुमाले."

चूक स्वतःकडे घेणाऱ्या त्या पोरीजवळ गुरुजींनी खुर्ची ओढली. "मागं नाही का जाता येत, बेटा? कालच्या दिवसावर?"

"नाई. त्याच्यावरच सेव्ह झालं." जेबानं नाक पुसलं. "दुसरा काढू? अंड्यातून दोन मिनिटांत निघते. नाव सुप्याच ठेवता येते. ललितभैयाले कुठं दिसते?"

'काढ' हा शब्द गुरुजींच्या अगदी ओठावर आला होता.

"गुरुजी, ललितभैया रोज सुप्याचंच विचारते?"

"हो."

"भाईचं नाई विचारत?"

"नाही."

"काहून नाई विचारत?"

पोरांच्या प्रश्नाला गुरुजींनी कधी 'गप्प बस' म्हटलं नव्हतं. येत नसेल तर 'उद्या पाहून सांगतो' म्हणत. आज मात्र उत्तर त्यांना येत होतं. रय्यान बरा असता तर पहिल्याच दिवशी धावत आला असता, आणि हे ललितला कोणीही सांगायची गरज नव्हती.

नासिर मशीन बंद करून मागे आला होता. त्यानं सगळं ऐकलं असावं.

"जेबाला अकोल्याला नेऊ का?" गुरुजींनी विचारलं.

"न्या. रडली तं रडू द्या."

वॉर्डाच्या दारावर शिपायानं हात आडवा धरला. "तुमीच तं म्हणलं होतं गुरुजी, कोनाले सोडू नको म्हणून."

"चुकलं माझं. सोड तिला."

खाटेपाशी जाऊन जेबा उभी राहिली. ललितला सावली लहान दिसली असावी. "कोन हाय?"

"मी."

ललित उठून बसू लागला, त्याचा हात सलाईनच्या नळीत अडकला. जेबानं तो सोडवला.

"सुप्या मेला, भैया."

"मी त्याला एकटा ठेवला," गुरुजी म्हणाले. "मला वाटलं, बरं पडेल."

ललितनं मान हलवली. मग तो हळूच म्हणाला, "आन् रय्यान?"

"तिसऱ्या दिवशी," गुरुजी म्हणाले. "बुधवारी."

"मले वाटलंच होतं." त्याचे ओठ सुकले होते. "शेवटचे दोन पंप माह्या वाटचे होते, आबा. मले मळमळत होतं. तो म्हणे, तू बस वावराच्या धुऱ्यावर. माह्ये पंप त्यानंच मारले."

जेबा त्याच्याकडे बघत राहिली. गुरुजींना वाटलं, ती आता ओरडेल, नाहीतर पळून जाईल.

"अजून काय म्हणला तो?" तिनं विचारलं.

"म्हणला, लवकर आटपू. सुप्याले पाहाचं हाय घरी जाऊन."

जेबा खाटेच्या कडेला टेकली. तेवढ्यात परिचारिका आली. "पेशंटजवळ एकच माणूस थांबा. कोण थांबतंय?"

"ही थांबेल," म्हणून गुरुजी बाहेर आले.

व्हरांड्यात बाक नव्हता. ते भिंतीला टेकून फरशीवर बसले. दाराच्या पलीकडून इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ललितचं रडणं ऐकू आलं. त्यात जेबाचंही मिसळलं. शिपायानं आत डोकावलं आणि गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींनी मानेनंच नको म्हटलं, आणि त्यानं दार हळूच लोटून घेतलं.