वायरबाबा आणि पालथे फोन

"जरा सरका हो, काही दिसत नाही," मागून कुणीतरी कुरकुरलं.

"दिसायचंय काय? डोळे तर मिटायचेच आहेत," पुढून उत्तर आलं.

श्रवणखोलीत मावतील त्याच्या दुप्पट माणसं आत होती आणि उरलेली जिन्यावर. खिडकीच्या गजांना दोघं लटकली होती. मधोमध टेबलावर आमचा जुना कॉम्प्युटर, त्याच्या शेजारी पालथा ठेवलेला फोन, दोघांच्या मध्ये वायर. या सगळ्यावर निळी शाल, आणि शालीपुढे खुर्चीत वायरबाबा. गळ्यात हार, तोही वायरींचाच: काळ्या, पांढऱ्या, एक लाल. महिन्यापूर्वी हा मनुष्य याच इमारतीच्या दाराशी मोबाईलची कव्हरं विकायचा आणि पाऊस आला की आमच्या जिन्याखाली शिरायचा. तेव्हा त्याला कुणी "आत या" म्हटलं नव्हतं. आता त्याला कुणी "जा" म्हणायला धजत नव्हतं.

"हे यंत्र मौनात आहे," बाबा सुरू झाला. आवाज मात्र गोड, नाकारून चालणार नाही. "जगाशी याचा संबंध नाही. याला बातमी कळत नाही, जाहिरात शिवत नाही. आणि तुमचा फोन? सगळ्या बाजारात लोळून आलेला. तो याच्यापुढे उभा केला की यंत्र तोंड फिरवणारच. याचं नाव काय? लिनक्स. माणूस ज्यात लीन होतो ते."

पोस्टमास्तरांनी मान डोलावली. ते शिकलेले असल्यामुळे त्यांची मान डोलली की बाकीच्यांच्या आपोआप डोलायच्या. बाबानं शालीचं टोक उचललं.

"पडद्यावरचा हा पेंग्विन पक्षी बघा. पंख आहेत, पण उडतो का? उडत नाही. का उडत नाही? संयम."

"जाड आहे म्हणून," बेकरीवाली पुटपुटली. शेजारणीनं तिला कोपरानं ढोसलं.

फोन बेकरीवालीचाच होता. बाबानं तिला जवळ बोलावून फोन उघडायचे आकडे आपल्या कानात सांगायला लावले. त्यांना तो 'गुप्ताक्षरं' म्हणत असे. मग सगळ्यांनी डोळे मिटून "घे, घे, घे" म्हणायचं. बाबाचा हात शालीखाली गेला. शाल हलली. आम्ही "घे, घे" म्हणत राहिलो, म्हणजे ते म्हणत राहिले. शाल उठली तेव्हा बेकरीवालीच्या भाच्याच्या लग्नाचे फोटो कॉम्प्युटरच्या पडद्यावर ओळीनं उभे होते. बायका रडल्या. भाच्याला कधीही न पाहिलेल्या बायकाही रडल्या.

आता या खोलीबद्दल सांगतो. आम्ही देवाचं गाणं ऐकणारी माणसं. बुवा गाऊन निरूपण करायचे आणि मी त्यांच्या मागे उभा राहून धृपद धरायचो, म्हणून मला सगळे 'मागचे' म्हणतात. बुवांची जुनी निरूपणं या कॉम्प्युटरवर साठवलेली आहेत. संध्याकाळी लोक येतात, ऐकतात, डोळे पुसतात, घरी जातात. पूर्वी इथं इंटरनेट होतं. एकदा नेटवरून लावलेल्या निरूपणात बुवा मरणाबद्दल सांगत असताना, "आता या देहाचं काय करायचं" असं त्यांनी विचारलं आणि मध्येच जाहिरातीतली एक बाई हसत म्हणाली, "आमच्या गादीवर झोपवा." त्याच रात्री नेट काढून टाकलं. कुणाच्या तरी परदेशी गेलेल्या मुलानं कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स घालून दिलं होतं, ते तसंच राहिलं.

खोलीची दुसरी शिस्त फोनची. निरूपण चालू असताना कुणाचा पडदा उजळला तर वक्त्याचं मन मोडतं, म्हणून आत पाऊल टाकलं की फोन पालथा ठेवायचा. इतक्या वर्षांत ही सवय हाडात मुरली. या खोलीत फोनचं तोंड कुणी पाहिलेलंच नाही. बुवा आले नसले, निरूपण नसलं, झाडू मारायचा असला तरी फोन पालथा.

आणि आता खरं दुखणं. बुवांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. त्याच्या आदल्या संध्याकाळी ते शेवटचं गायले, ते त्यांच्या बायकोच्या, म्हणजे आमच्या काकूंच्या, फोनमध्ये उतरलं. त्या फोनची बॅटरी फुगत चालली होती, मागचं झाकण पुस्तकासारखं उघडत होतं. काकू तो पदरात बांधून फिरत. ते गाणं फोनबरोबर जाईल, ही त्यांची भीती. बेकरीवालीच्या लेकीला विचारलं तर ती म्हणाली, "आमच्याकडे सगळं हवेतून जातं, काकू. वायरीचं मला नाही ठाऊक. आणि हे एवढं मोठं हवेतूनही जाईना." मी स्वतः खोलीतली वायर लावून पाहिली होती. फोन चार्ज झाला. एवढंच.

मग वायरबाबा उगवला. इतरांचे फोटो त्यानं भराभर उतरवले, पण काकूंची पाळी आली की यंत्राचं मन नसायचं. कारण उघड होतं: बुवांचं गाणं एकदा उतरलं की खुर्ची रिकामी करावी लागणार. शेवटी त्यानं निदान केलं.

"यंत्र मौनात आणि बुवा बोलतात, हे जुळत नाही. बुवांचा एक शब्द बाहेर पडला की फोनमधला आवाज विरघळतो. त्यांनीही मौन धरावं."

आता बुवा बोलत कुठे होते? गळ्याच्या डॉक्टरीणबाईंनी सकाळ-संध्याकाळ व्यायाम दिले होते: नळीतून पाण्यात फुंकर मारायची, ओठ फुरफुरवायचे, "अ" लावून धरायचा. गेलेला आवाज त्यानंच परतणार होता. तेही काकूंनी बंद करवलं. "तुमचा हा घोगरा 'अ' काय कामाचा? तो जपायचा की ते गाणं जपायचं?" बुवांनी पाटीवर लिहिलं, 'तू म्हणशील तसं.' मी बाबाला भर सभेत विचारलं, "पाण्यात फुंकलेलं फोनला कसं कळतं?" तो हसून म्हणाला, "मागच्यांनी मागंच राहावं." लोकही हसले.

तर त्या दिवशी बेकरीवालीचे फोटो उतरल्यावर बायका नाक पुसत होत्या, बाबा काकूंकडे बघून "आज नाही" अशी मान हलवत होता, आणि जिन्यावरून गर्दी कापत डॉक्टरीणबाई आल्या. बुवा व्यायामाला येईनात म्हणून त्या शोधत आल्या होत्या. बुवांना कोपऱ्यात पाहून म्हणाल्या, "अ लावा बघू."

बुवांनी ओठ दाबले. काकू मध्ये आल्या आणि सगळं सांगितलं.

बाईंनी ते शांतपणे ऐकून घेतलं, आणि म्हणाल्या, "काकू, गळा अजून कोवळा आहे. आत्ता वापरला नाही तर आखडून बसेल. मग हे कधीच बोलायचे नाहीत. कशासाठी? फोनमधलं काढायला? ते मी रोज काढते. पेशंटचे आवाज फोनवर घेते आणि माझ्या कॉम्प्युटरवर टाकते. त्यालाही नेट लावलेलं नाही. लोकांची दुखणी नेटवर कशाला हवीत?"

"मग काढा की," बाबा खुर्ची सोडून उठला. तो कव्हरं विकायचा तेव्हा एवढा आत्मविश्वास मी त्याच्याकडे पाहिला नव्हता.

बाईंनी शाल काढून पोस्टमास्तरांच्या हातात दिली. खोलीतली वायर काकूंच्या फोनला लावली. फोन चार्ज होऊ लागला. पडद्यावर काही आलं नाही. बाईंनी वायर काढली, फुंकर मारली, पुन्हा लावली. काही नाही.

"मौन," बाबा म्हणाला. गर्दीतून समाधानाचा सुस्कारा निघाला. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं.

बाईंनी वायर उचलून डोळ्यांजवळ धरली. "ही कुठली?"

"बॅटरीबरोबर आली होती," मी म्हणालो. "हातातली, अंधारात लावायची."

"तरीच. हिच्यातून नुसती वीज जाते. फाइल जायला आत आणखी तारा लागतात, त्या हिच्यात नसणार." मग त्यांनी बाबाच्या गळ्याकडे बोट केलं. "ती लाल द्या. तीच एक वापरून घासलेली दिसतेय."

बाबानं हार दोन्ही हातांनी धरला. "ती सिद्ध आहे."

"सिद्ध आहे म्हणूनच मागतेय."

"परका हात लागला तर—"

त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत काकूंनी लाल वायर त्याच्या गळ्यातून उपसून काढली. नवऱ्याच्या आवाजासाठी आलेल्या बाईपुढे सिद्धी टिकत नाही.

लाल वायर लावली. काकूंनी सवयीनं फोन पालथा ठेवला. खोलीतल्या सगळ्यांना ते बरोबर वाटलं. मलाही.

"असा का ठेवला?" बाईंनी विचारलं.

"इथली शिस्त आहे," पोस्टमास्तर म्हणाले.

बाईंनी फोन सुलटा केला. "उघडा." काकूंनी आकडे दाबले. "आता काय लिहिलंय ते वाचा. मोठ्यानं."

काकूंनी चष्मा सारखा केला. "हे डिव्हाइस कशासाठी वापरायचं... फक्त चार्जिंग... फाइल ट्रान्सफर..." त्या थांबल्या. "हा मला विचारतोय?"

"तुम्हालाच. वायर लावली की प्रत्येक वेळी विचारतो. नाही दिसलं तर वरून पट्टी खाली ओढायची, तिथं असतं. उत्तर मिळेपर्यंत तो नुसता चार्ज होतो. कुणाच्याही हाती तुमच्या वस्तू लागू नयेत म्हणून. आणि तुम्ही त्याला पालथं घालून बसता."

"म्हणजे महिनाभर..." बेकरीवालीनं सावकाश बाबाकडे पाहिलं. "म्हणजे शालीखाली हा माझे आकडे दाबून..."

"वायर बदलून ही लाल लावून, तुमचे आकडे दाबून, फाइल ट्रान्सफरवर बोट ठेवून. डोळे तुमचे मिटलेले."

काकूंनी बोट ठेवलं. कॉम्प्युटरच्या खिडकीत डाव्या बाजूला फोनचं नाव उमटलं. बाईंनी आत जाऊन बुवांचं गाणं दाखवलं, आणि काकूंनीच ते ओढून आमच्या फोल्डरमध्ये आणलं. "उतरेपर्यंत वायर हलवू नका, एवढं व्रत मात्र पाळा," बाई म्हणाल्या. हिरवी पट्टी सरकत गेली. कुणी "घे, घे" म्हटलं नाही, तरी यंत्रानं घेतलं.

आता लोकांना अक्कल आली असेल असं तुम्हाला वाटेल. तसं काही झालं नाही. पोस्टमास्तर पुढे झाले, निळी शाल डॉक्टरीणबाईंच्या खांद्यावर घातली आणि हात जोडले. त्यांच्या मागे रांग लागली. एकजण म्हणाला, "बाई, आमच्या टीव्हीवरून जरा हात फिरवाल?"

बाईंनी शाल झटकून टाकली. "हात माझा चालला नाही. बोट काकूंचं चाललं. रांगेतल्या प्रत्येकानं स्वतःच्या फोनला वायर लावायची, प्रश्न वाचायचा, स्वतः उत्तर द्यायचं. आणि आकडे ज्यांनी कानात सांगितलेत, त्यांनी आधी ते बदला." बेकरीवालीनं बाबाला दाराबाहेर जाऊ दिलं नाही. बसवून त्यालाच शिकवायला लावलं, डोळे उघडे ठेवून. खरं सांगायचं तर तो चांगला शिकवायचा. कव्हरांबरोबर हेच शिकवलं असतं तर आम्ही त्याला केव्हाच आत बसवलं असतं.

हिरवी पट्टी संपली. काकूंनी गाणं लावायला हात पुढे केला. बुवांनी तो अलगद धरला, उठून उभे राहिले आणि गळा साफ केला. काकू घाबरल्या. "नको हो, विरघळेल."

"उतरलंय ते," बुवा म्हणाले.

करवतीनं ओलं लाकूड कापावं तसा आवाज.

"ते कुठं जात नाही. आधी मला बोलू द्या." ते दम घेत, थांबत बोलत होते. "जन्मभर मी तुम्हाला डोळे मिटायला सांगितलं. ते देवासाठी. शालीसाठी नव्हे. देवापुढे डोळे मिटलेत तर तो तुमचं काही काढून घेत नाही. जो आधी डोळे मिटायला लावतो आणि मग हात चालवतो, त्याचा हात धरा. मागच्यांनी विचारलं तेव्हा तुम्ही हसलात. पुन्हा कुणी विचारलं, तर त्याच्या बाजूनं उभे राहा. शंका घेतल्यानं देव रागावत नाही. रागावतो तो दुकानदार."

त्यांना खोकला आला. डॉक्टरीणबाईंनी पाण्याचा पेला पुढे केला. बुवा दोन घोट प्यायले, माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "धृपद धरा."

त्यांनी "अ" लावला. तो फाटका होता, मध्येच तुटला, पुन्हा लागला. मी मागे उभा राहिलो आणि धरला.