टोक सापडलं

"कुणी जागचं हलू नका! पाय जिथं आहेत तिथंच ठेवा!" सुपरवायझर ओरडला आणि हॉलमधली मशीनं एकेक करून गप्प झाली.

खिसेवालीची सुई मोडली होती. जाड कापडाच्या घड्यांवरून शिवण नेताना खटकन आवाज झाला आणि उजव्या डोळ्यात कुणी निखारा टेकवल्यासारखं झालं. ती दोन्ही हातांनी डोळा दाबून मशीनवर ओणवी झाली. तोंडातून शब्द फुटेना, नुसतं कण्हणं.

त्या हॉलमध्ये कुणी कुणाला नावानं हाक मारत नसे. जी ज्या कामावर, तेच तिचं नाव. पँटचे खिसे शिवणारी ही खिसेवाली आणि शेजारी बटणांची काजं करणारी ती काजवाली. दोघी इतकी वर्षं शेजारी बसल्या होत्या की एक शिंकली की दुसरी नाक पुसते, असं बाकीच्या म्हणायच्या.

सुई मोडली की तिचे सगळे तुकडे सापडेपर्यंत मशीन चालू करायचं नाही आणि कुणी दाराबाहेर जायचं नाही, असा तिथला नियम होता. मागं कधीतरी एका पोराच्या पँटीत सुईचं टोक निघालं आणि सगळा माल परत आला, तेव्हापासूनचा. तुकडे नव्या सुईशेजारी मांडून लांबी जुळवायची. जुळली की सुटका.

सुपरवायझर काठीला बांधलेलं लोहचुंबक घेऊन जमिनीवरून फिरवू लागला. "वरचा भाग मशीनमध्ये आहे. टोक कुठं गेलं?"

"अहो, तिच्याकडे बघा की आधी! फरशीवर काय बघताय?" कापडाच्या कडा शिवणाऱ्या ओव्हरलॉक मशीनवरची काकू कडाडली. वयानं सगळ्यांत मोठी असल्यामुळे तिला उलट बोलायची कुणाची छाती नव्हती.

"टोक मिळू द्या काकू, लगेच सोडतो. नाहीतर सगळे गठ्ठे सोडून बघावे लागतील. वरून मला विचारतात, तुम्हाला नाही."

"तोवर पोरीचा जीव गेला तरी चालेल तुम्हाला."

खिसेवालीला हे सगळं लांबून ऐकू येत होतं. डोळ्यातून पाणी बोटांवरून घळाघळा वाहत होतं. बायका गुडघ्यांवर बसून मशीनखाली चाचपत होत्या. आणि मग काजवालीचा आवाज आला, "सापडलं! हे बघा, हिच्या पायाशीच होतं."

तुकडे जुळले. सुपरवायझरनं मान हलवली.

खिसेवालीनं तेवढ्यातही काजवालीचा हात धरला. "खरंच सापडलं?"

विचारायला कारण होतं. टोक शोधण्यात वेळ गेला की दिवसाचं काम अंगावर राहायचं, म्हणून त्या बायका जुनी मोडकी टोकं मशीनच्या फळीखाली खोचून ठेवायच्या. अडलं की त्यातलंच एक पुढं करायचं. खुद्द खिसेवालीच्या फळीखाली तशी टोकं होती.

"अगं खरंच," काजवाली म्हणाली. सुपरवायझर शेजारीच उभा होता. "तू जा आता काकूबरोबर. तुझा गठ्ठा मी पुरा करते. काळजी करू नकोस."

दवाखाना गल्लीच्या तोंडाशी होता. काकूनं तिला जवळजवळ उचलूनच नेलं. वाटेत रिक्षावाल्याला, सायकलवाल्याला, सगळ्या जगाला शिव्या घालत. डॉक्टरांनी पापणी उलटून बॅटरी मारली तेव्हा खिसेवालीनं काकूच्या मनगटात नखं रुतवली.

"ओरखडा दिसतोय. लागलंय बऱ्यापैकी," डॉक्टर म्हणाले. "सुईचा तुकडा आत नाही ना गेला?"

"नाही," खिसेवाली म्हणाली. "सगळे तुकडे सापडले."

"नक्की?"

"मी डोळ्यांनी बघितलं डॉक्टर," काकू म्हणाली. "लांबीसुद्धा जुळली."

डॉक्टरांनी थेंब दिले, पट्टी बांधली आणि विश्रांती घ्या म्हणाले.

घरी म्हातारी आई. तिला ऐकू कमी यायचं. लेकीची पट्टी बघून ती दिवसभर एकच विचारत राहिली, "कुणी मारलं गं तुला?" शेवटी काकूच ओरडली, "सुईनं मारलं, सुईनं!" तेव्हा कुठं म्हातारी गप्प झाली.

मैत्रिणींनी काही कमी केलं नाही. काकू सकाळी येऊन स्वयंपाक उरकून जायची. काजवाली काम सुटलं की तडक यायची, भांडी घासायची, म्हातारीची वेणी घालायची आणि मग खिसेवालीचं डोकं मांडीवर घेऊन थेंब घालायची.

"आज बरं वाटतंय ना?"

"अगं, आत कुणीतरी कुरतडतंय."

"जखम भरताना ठणकतंच." काजवाली पापणी हलकेच मिटायची. एखादा थेंब गालावरच सांडायचा. खिसेवालीला वाटायचं, दमली असेल बिचारी, दोघींचं काम एकटीनं ओढतेय.

पण ठणका वाढतच गेला. डोळ्यापुढचा धूर दाट झाला. मग एका सकाळी पापण्या चिकटलेल्या आणि डोळा लिंबाएवढा सुजलेला. काकूनं बघितलं आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. ती तिला थेट मोठ्या इस्पितळात घेऊन गेली.

तिथं फोटो काढला. तरुण डॉक्टरीणबाईंनी तो उजेडावर धरला. काळ्या फोटोत एक बारीक पांढरी रेघ होती.

"हे धातूचं आहे. आत आहे, अगदी मागं. पहिल्याच दिवशी का नाही आलात?"

"पण टोक सापडलं होतं," खिसेवाली म्हणाली. काकूकडे वळून ती पुन्हा म्हणाली, "काकू, टोक सापडलं होतं ना?"

काकूनं नजर फिरवली. तिच्या मशीनखालीही टोकं होती.

डोळा काढावा लागला. डावा वाचवायचा तर दुसरा इलाज नव्हता.

काजवाली इस्पितळात आली ती पलंगाच्या पायथ्याशीच उभी राहिली.

"तू कण्हत होतीस गं," ती म्हणाली. "सुपरवायझर गठ्ठे सोडायला लागला असता तर दुपार झाली असती. मला वाटलं, जुनं टोक दाखवून आधी हिला बाहेर तर काढू. नंतर तुझ्या गठ्ठ्यातला खिसान् खिसा मी बोटांनी चाचपला. टोक नव्हतं. म्हटलं, केरात गेलं असेल."

"मी विचारलं होतं तुला."

"तो उभा होता ना तिथं."

"आणि माझ्या घरी? तिथंही तोच उभा होता?"

काजवालीनं पदर तोंडात कोंबला. "रोज सांगायचं ठरवून यायचे. तू म्हणायचीस, तू आहेस म्हणून माझं चाललंय. मग जीभच उचलायची नाही."

"मांडीवर डोकं घेऊन बसायचीस," खिसेवाली म्हणाली. आवाज चढला नाही. "कुणी मारलं म्हणून आई विचारत होती. तिला काय सांगू आता?"

त्यावर काजवाली रडली. खिसेवाली रडली नाही. रडू नका, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं.

पुढं तिला पुन्हा कामावर घेतलं, पण मशीनवर नाही. हॉलच्या कोपऱ्यात बसून शिवलेल्या पँटींचे लोंबते धागे कापायचे. खिशांवर दुसरीच कुणी बसली. पहिल्याच दिवशी बायका तिलाही खिसेवाली म्हणू लागल्या. कोपऱ्यातलीला काय म्हणायचं, ते कुणालाच सुचेना, म्हणून "अगं ए" म्हणू लागल्या.

संध्याकाळी सुटल्यावर रस्त्यावर गाड्यांची रीघ लागलेली. जुनी खिसेवाली कडेला थांबली. उजवीकडून काही आलं तर तिला आता कळत नसे. अंगावर येईपर्यंत तिथं नुसती भिंत. काकू आधीच घरी गेली होती. काजवाली मागून आली आणि न विचारता उजव्या अंगाला उभी राहिली, गाड्यांच्या बाजूला. दंडाला हात लावायला गेली आणि मागं घेतला.

"चल," ती हळूच म्हणाली.

खिसेवाली हलली नाही.

"तिकडून नको," ती म्हणाली. "या अंगानं चाल. मला दिसायला पाहिजेस तू."

काजवाली तिच्या पाठीमागून वळसा घालून डाव्या बाजूला आली. खिसेवालीनं मान वळवून ती आल्याची खात्री केली, आणि मग उजव्या बाजूचा सगळा रस्ता तसाच मोकळा सोडून पाऊल उचललं.