पाच एकर, चार घरं

शेजारच्या कोल्बीने त्याच्या मागच्या अंगणात मातीचा बांध घातला ना, तेव्हा नेल्डाला वाटलं पोरगा पाणी अडवतोय. फ्लोरिडात पाणी अडवण्यात काय नवल. पण दुसऱ्या दिवशी दुपारी चारला त्याने त्या मातीत बंदुकीच्या गोळ्या घातल्या, एक-दोन नाही, तीस, आणि इकडे नेल्डाच्या घरात हॉयट हसायला लागला.

आता हे हसणं नीट समजून घ्या हं. हॉयट म्हणजे तिचा नवरा. त्याला अर्धांगवायू झाला, आणि तेव्हापासून दचकला की हसायचा. खदाखदा, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, थांबता यायचंच नाही. आणि तोंडात घास असला तर घास थेट श्वासाच्या नळीत. चारलाच जेवायचा तो, कारण औषध अंगात उतरून घसा तेव्हाच कुठे सैल व्हायचा. गोळ्या सुरू झाल्या त्या पहिल्याच आठवड्यात दोनदा निळा पडला. डॉक्टर म्हणाले, अजून एकदा असं झालं की तोंडाने खाणं बंद, पोटात नळी घालायची.

आणि खाण्याशिवाय हॉयटकडे उरलं होतं काय? बोलणं गेलं, चालणं गेलं. फक्त नेल्डाच्या हातचे ग्रिट्स, म्हणजे मक्याची ती मऊ लापशी, भरपूर चीज घालून. तेवढं खाताना तो जरा पूर्वीचा हॉयट दिसायचा.

ती कोल्बीच्या कुंपणाशी गेली. कोल्बीने लगेच टोपी काढली, संस्कार चांगले. तिकडे मोठ्या बाईला, लग्न झालेलं असलं तरी, आदराने मिसच म्हणतात.

"मिस नेल्डा, जमीन माझी, बंदूक माझी. आणि मिस्टर हॉयटना तर मजा येते की. ऐकू येतं ना मला, किती हसतात."

"मजा नाही रे ती. घास अडकतो त्याचा."

"मग जेवणाची वेळ बदला. मी कामावरून चारलाच येतो हो, काय करू?"

तिथून ती गेली काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या ऑफिसात, रँडलकडे. रँडल निवडून आलेला सदस्य, पण लहानपणी रविवारी चर्चमध्ये नेल्डाच्याच हाताखाली शिकलेला. तिने बंदूक हा शब्द काढला मात्र, त्याने उठून दार लावलं.

"हळू बोला, मिस नेल्डा. बंदुकीचे नियम फक्त राज्य करणार. आम्ही चिटोरं जरी काढलं तरी माझी खुर्ची जाते, वर पाच हजार डॉलर दंड, तोही माझ्या खिशातून."

"म्हणजे माझ्या गल्लीत काय चालायचं ते राजधानीतून ठरणार?"

"तिथूनच. कॉफी घेता?"

मग तिने स्वतःच डोकं लढवलं. तिच्या आणि कोल्बीच्या मध्ये एक प्लॉट होता, त्यावर एक कुजकं ट्रेलरचं घर, ते चाकांवरचं असतं ना तसं, मालकीण मरून गेलेली. नेल्डाने हॉयटची मासेमारीची बोट विकली, प्लॉट घेतला, ट्रेलर ओढून भंगारात घातला आणि तिथे बांबू लावला, दाट, दोन रांगा. आवाज अडेल म्हणून. बांबू खांद्याएवढा झाला. आवाज कशाला अडतोय. कोल्बी गोळ्या भरायला थांबला की तेवढ्यात ती हॉयटला एकेक चमचा भरवायची.

एवढ्यात रँडलचाच फोन. एकदम खुशीत.

"मिस नेल्डा, राज्याच्याच कायद्यात एक ओळ सापडली. एकरी एक घर किंवा जास्त असेल, तर त्या वस्तीत गंमत म्हणून गोळ्या झाडता येत नाहीत. शेरीफला, म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखाला, ते थांबवावंच लागतं. तुमची गल्ली किती?"

"पाच एकर."

"आणि घरं?"

नेल्डाने तीस वर्षं त्या गल्लीत नाताळला पेकान पाय, म्हणजे अक्रोडासारखा सुकामेवा घातलेला गोड पदार्थ, वाटलाय, घरटी एक. विचारसुद्धा केला नाही तिने. "पाच," म्हणाली.

"मग झालं की काम."

त्या दिवशी तिने हॉयटला सांगितलं, आता शांतपणे जेवशील बघ. शनिवारी शेरीफच्या ऑफिसातून एक तरुण बाई आली, हातात नकाशा. गल्लीच्या टोकापासून टोकापर्यंत चालत गेली आणि परत आली. कोल्बी हाताची घडी घालून उभा.

"मॅडम, एकर पाच, बरोबर. घरं चार."

"चार कशी? हे माझं, ते कोल्बीचं, पलीकडची दोन, आणि तो बांबू आहे ना, तिथे..."

तिथे ती थांबली.

"तिथे घर होतं का?"

"मार्चपर्यंत."

"मग मार्चपर्यंत हे बेकायदा होतं, मॅडम. आता नाहीये." बाईंनी नकाशाची घडी घातली.

आणि कोल्बीने पुन्हा टोपी काढली. "थँक यू, मिस नेल्डा. इतके दिवस मी चुकत होतो, मला कल्पनाच नव्हती."

सोमवारी ती पुन्हा रँडलसमोर. "दुसरं जुनं ट्रेलर आणून ठेवते मी तिथे. परवानगी दे."

"जुनं ट्रेलर नाही चालत आता, मिस नेल्डा. नवीन नियम आहे. पक्कं घर बांधा."

"एवढे पैसे असते तर बोट विकली असती का मी? आणि नियम कुणाचा?"

"आमचा," रँडल म्हणाला. "घरं कुठली ठेवायची ते काउंटीच ठरवते." आणि सांगते तुम्हाला, ते म्हणताना जरा ताठ बसला तो.

नेल्डाने जेवण दोनला करून पाहिलं, हॉयटला गिळवेना. सहाला करून पाहिलं, तोवर तो पेंगायचा. परत चार. गुरुवारी कोल्बीचे तीन मित्र आले, चौघांनी मिळून सुरू केलं, आणि तिसऱ्या चमच्याला हॉयट हसला.

वाचला तो. दवाखान्यातून आला तो पोटात नळी घेऊन. आता चारला नेल्डा पिशवी टांगते, करड्या, पाण्यासारख्या अन्नाची, ती थेंब थेंब उतरते. पलीकडे गोळ्या सुटतात, हॉयट हसतो, काही बिघडत नाही. डॉक्टर म्हणाले, आता काळजीचं कारण नाही.

स्वतःचं ताट मात्र नेल्डा घरात वाढून घेत नाही. वास आला की हॉयट रडायला लागतो, आणि ते रडणं दचकण्याचं नसतं. म्हणून ती बाहेर गाडीत बसते, काचा पूर्ण वर करून, मांडीवर वाटी घेऊन. कोल्बी कामावरून येताना तिला बघतो, हात करतो. ती चमचा खाली ठेवते आणि हात करते.