न विरणारे मीठ

पौषातली सकाळ खाजणावर फार हळू उतरते. आधी धुके निळसर, मग राखी, मग मोत्यासारखे फिकट. आणि मग कुठल्यातरी क्षणी, कुणी न सांगता, सारे मिठागर एकदम उजळून निघते. वाफ्यामागून वाफा, वाफ्यामागून वाफा. चौकोनी, निश्चल, आरसपानी. मध्ये चिखलाचे काळे बांध, बांधांवर मिठाच्या शुभ्र राशी. पलीकडे खाडी, खाडीपलीकडे दर्या, दर्यापलीकडे काहीच नाही.

या अफाट शुभ्रतेत एक माणूस. एकच.

चांगुणा घरत तिचे नाव. वय बासष्ट. मिठाने चिरलेले पाय, उन्हाने तांबूस झालेले केस, आणि लांबवर पाहून पाहून बारीक झालेले डोळे. नारंगखारच्या या आगरात एकेकाळी सतरा घरे मीठ पिकवीत. सतरा घरांच्या हाका होत्या, सतरा घरांची भांडणे होती, दुपारच्या भाकरीला सतरा घरांचे कालवण होते. मग कुणी कारखान्यात गेले, कुणी जागा देऊन शहरात गेले, कुणी मातीआड गेले. तिचा धर्मा अकरा वर्षांपूर्वी असाच एका सकाळी बांधावर बसला तो उठलाच नाही. मुलगी मंजुळा वापीला दिलेली. रविवारी फोनमधून तिचा आवाज येतो, जेवलीस का विचारतो, आणि जातो.

उरली चांगुणा. उरली बांधावरची कौलारू खोप. उरला वारा, जो दिवसभर बोलतो आणि कशाचेच उत्तर देत नाही.

आषाढात, किनाऱ्यापासून फार दूर, एका मालवाहू जहाजावरचे काही कंटेनर खवळलेल्या पाण्यात कोसळले होते. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या आणि दुसऱ्या दिवशी त्या ओळींत कुणी भजी बांधली. पण कंटेनरांत गोण्या होत्या, आणि गोण्यांत दाणे. कारखान्यात वितळवून ज्यांच्या बादल्या, बाटल्या, खुर्च्या व्हायच्या, ते प्लॅस्टिकचे कच्चे दाणे: मसुरीएवढे, दुधी, गुळगुळीत. गोण्या फाटल्या आणि दाणे दर्याला मिळाले. पण दर्याने त्यांना स्वीकारले नाही. ते बुडाले नाहीत. कुजले नाहीत. विरले नाहीत. श्रावणात तरंगले, भाद्रपदात तरंगले, शरदाच्या चांदण्यात दर्यावर पिठासारखे पसरून राहिले. आणि पौषातल्या अवसेच्या उधाणाबरोबर, कुणाच्याही परवानगीशिवाय, खाडीत शिरले.

त्या दिवशी चांगुणेने नेहमीप्रमाणे बांधाची उघाडी उचलली. लाकडी दार वर गेले, आणि खारे पाणी फेसाळत, गुरगुरत, ओळखीच्या पाहुण्यासारखे आत आले.

आठ-दहा दिवसांनी त्या पाण्याचे पहिले मीठ धरले. फावड्याने ते ओढताना तिचा हात थांबला. मीठ ओढताना एक आवाज होतो, करकरीत, कोवळा, दातांखाली काकडी मोडावी तसा. हा आवाज तो नव्हता. या आवाजात काहीतरी घरंगळत होते.

तिने मूठभर मीठ उचलले. शुभ्रात शुभ्र मिसळले होते. एक कण जिभेवर ठेवला, खारट. दुसरा ठेवला. काहीच नाही. ना खारट, ना कडू, ना तुरट. तो चावला तर तुटेना, चोखला तर विरेना. साठ वर्षांच्या जिभेला जगातली अशी वस्तू ठाऊक नव्हती, जिला चवच नाही.

ती तो कण थुंकली, आणि मग सबंध वाफ्याकडे पाहत कितीतरी वेळ उभी राहिली.

वखारीचे कांतिशेठ ट्रक घेऊन आले तेव्हा त्यांनीही तेच केले: मूठ उचलली, तळहातावर पसरली, बोटाने चाळवली. तीस वर्षांचा व्यवहार होता. माणूस वाईट नव्हता.

"चांगुणाबाई, हे नाही नेता यायचं."

"मीठ खराब नाय, शेठ. पाऊस नाय लागला त्याला."

"मीठ चांगलंच आहे हो. पण हे कुणाच्या डाळीत गेलं तर?" ते तिच्याकडे न बघता म्हणाले, "उद्या कुणाचं लेकरू खाईल."

रिकामा ट्रक बांधावरून हलत हलत गेला. धूळ उडाली, बसली. रास तशीच राहिली, उन्हात चमचमत. जवळून पाहणाऱ्यालाच कळावे असे तिचे दुखणे होते.

मग चांगुणेने चाळण आणली. पण चाळणीला दोन्ही सारखेच. मिठाचा खडा अडे तिथे दाणाही अडे. मिठाचा बारीक कण पडे तिथे दाण्याचा तुकडाही पडे. हाताने वेचू लागली. सूर्य डोक्यावरून कलला तरी टोपलीएवढे मीठही निवडून होईना. शेवटी तिला दिसले की पाणी अजून पाणीच असते, मीठ धरायचे बाकी असते, तेव्हा हे दाणे वर तरंगतात, आणि वारा त्यांना हाकीत हाकीत वाफ्याच्या एका कोपऱ्यात नेतो. तेव्हाच गाळले पाहिजेत. तेवढ्याच वेळात.

तिने जुने नऊवारी लुगडे काढले. हिरवे, विरलेले, धर्माने उरणच्या बाजारातून आणलेले. ते पाण्यावर पसरून ओढायचे, जसे दोघे जण मिळून कोळंबीचे जाळे ओढतात. एका टोकाला एक, दुसऱ्या टोकाला एक.

दुसरे टोक हातात घेऊन ती पाण्यात उभी राहिली. इकडे पाहिले. तिकडे पाहिले. वाफ्यामागून वाफा, वाफ्यामागून वाफा.

मग तिने बांधात एक खुंट ठोकला, आणि दुसरे टोक त्याला बांधले.

खुंट हलत नाही. खुंट दोन पावले पुढे येत नाही, "जरा वर घे" म्हटले तर वर घेत नाही. म्हणून ती एकटीच अर्धा वाफा ओढी, जाऊन खुंट उपटी, चार हात पुढे ठोकी, परत येई, पुन्हा ओढी. पहाटेपासून उन्हे चढेपर्यंत. हिरव्या लुगड्याच्या विणीत दुधी दाणे जमत, अळवाच्या पानावर दहिवर जमावे तसे सुंदर. आणि त्या सौंदर्याची तिला भीती वाटे. एक वाफा निर्मळ होई. आणि पुढल्या उधाणाला उघाडी उचलावी, तर पाणी पुन्हा तेच घेऊन येई.

माघात ती तालुक्याला गेली. एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत, दुसरीतून तिसऱ्या. तिसऱ्या कचेरीत प्रदूषणाचे काम पाहणारी अश्लेषा पेडणेकर नावाची तरुण अधिकारी होती. तिने चांगुणेने आणलेली पुरचुंडी उघडून दाणे पाहिले, आणि चांगुणेला आधी बसायला खुर्ची दिली.

"काकू, खरं सांगू? तेल सांडलं असतं तर कायदा आहे. विष सांडलं असतं तर आहे. पण हे दाणे धोकादायक मालाच्या यादीतच नाहीत. ते हरवले तर जहाजाने कळवायची सक्ती नाही. उचलायची सक्ती नाही. मी तक्रार लिहून घेईन, पण ती कुठल्या कलमात बसवू?"

"यादीत नाय, तं मग माज्या वाफ्यात कसं आलं, बाय?"

अश्लेषेने खणातून एक जाडसर मसुदा काढला. नव्या नियमांचा होता तो. दाण्यांना यादीत घालावे की नको यावर पुढच्या महिन्यात जिल्ह्याला सुनावणी होती. कंपन्यांचे लोक येणार होते, जहाजवाले येणार होते. "किनाऱ्यावरचं कुणीच येत नाही," ती म्हणाली. "तुम्ही याल?"

फाल्गुनातल्या एका तापलेल्या दुपारी चांगुणा त्या सभागृहात शिरली. थंड, उंच, तकतकीत सभागृह. पावलांचासुद्धा आवाज होऊ नये अशी जमीन. ती शेवटच्या रांगेत बसली, मांडीवर पिशवी, पिशवीवर दोन्ही हात.

जहाजवाल्यांचा वकील बोलत होता. पोरसवदा, गोरटेला, आवाज मऊ. दाणे विषारी नाहीत. अपघात क्वचित होतात. सक्तीची गरज नाही, कंपन्या आपणहून काळजी घेतात. आणि जे थोडेफार किनाऱ्याला लागतात, ते स्थानिक पातळीवर सहज गोळा करता येतात.

सहज.

तो शब्द शेवटच्या रांगेपर्यंत आला आणि चांगुणेच्या हातांवर येऊन बसला.

तिचे नाव पुकारले गेले. ती पुढे गेली. अध्यक्ष वयस्कर होते, त्यांनी चष्म्यावरून पाहिले आणि सौम्यपणे विचारले, "बाई, तुम्ही हे दाणे कसे काढता, तेवढं सांगा."

तिने पिशवीतून लुगडे काढले. आधी एक घडी उलगडली, मग दुसरी, मग तिसरी; खाऱ्या चिखलाचा वास त्या थंड हवेत पसरला. टोक हातात घेऊन तिने सवयीने इकडे पाहिले, तिकडे पाहिले. खुंट ठोकायला तिथे जमीन नव्हती. जवळात जवळ तो वकील उभा होता.

"धर रं बाला, जरा ह्यो टोक."

घरातल्या माणसाला सांगावे तसे ती म्हणाली, आणि घरातल्या माणसाने धरावे तसे त्याने धरले. विचार करायच्या आधीच धरले. लुगडे दोघांमध्ये ताणले गेले. हिरव्या विणीत अडकलेले शेकडो दाणे खिडकीच्या उजेडात लखलखले. काही सुटले आणि त्या तकतकीत जमिनीवर टपटप, टपटप घरंगळत गेले.

"आता तू दोन पावलं पुढं ये," चांगुणा म्हणाली. तो दोन पावले पुढे आला. "जरा वर घे." त्याने वर घेतले.

ती थांबली. टोक न सोडता अध्यक्षांकडे वळली.

"असं दोगांचं काम हाय, साहेब," ती अध्यक्षांना म्हणाली. "मी येकटी करते. दर्या रोज आनतो, मी रोज काढते. ज्यानं सांडलं त्याला कुनी इचारत नाय. मना येवडंच सांगायचं व्हतं."

वकील टोक धरून तसाच उभा होता. ते कुठे ठेवावे त्याला कळत नव्हते. तिने जाऊन त्याच्या हातातून हलकेच घेतले, घडी घातली. तो जागेवर परतला. त्याच्या पुढ्यातला पुढचा कागद त्याने वाचला नाही.

चैत्र गेला, वैशाख गेला. पाऊस आला, आणि खाजण, खाडी, आभाळ एकाच राखी रंगात बुडून गेले. आश्विनाच्या अखेरीस, चिखल नुकता वाळू लागला असताना, अश्लेषा बांधावरून चालत आली. चपला हातात, कागद छातीशी.

खोपीच्या दाराशी बसून तिने वाचून दाखवले. दाणे यादीत आले होते. जहाजावर ते आता वरच्या डेकवर ठेवायचे नाहीत, आत, खाली, दुहेरी वेष्टनात ठेवायचे. हरवले तर तत्काळ कळवायचे. ज्याचा माल, त्याने उचलायचा. किनारा स्वच्छ होईपर्यंत त्याची सुटका नाही. चांगुणेने गूळ घातलेला कोरा चहा पुढे केला आणि कागदावरून बोटे फिरवली, जणू अक्षरांना खरखर असते.

"आन् आलेलं, बाय? जे आदीच आलंय ते?"

अश्लेषेने खाडीकडे पाहिले. "हा नियम आजपासून पुढचा आहे, काकू. मागचं त्यात येत नाही."

"हं," चांगुणा म्हणाली.

तिला राग आला नाही. तिने फक्त मान हलवली. त्या मुलीने चहा संपवला, वाकून नमस्कार केला, आणि बांधावरून दूर दूर जात ती आधी बाहुलीएवढी, मग ठिपक्याएवढी झाली; मग बांधच राहिला.

कार्तिकात चांगुणेने एकच वाफा धरला. एकटीला झेपेल एवढा एकच. तळ पायांनी तुडवून गुळगुळीत केला, कडा लिंपल्या, उघाडी उचलली. पाणी आले. तिने वाकून पाहिले: दाणे होते. पण कमी होते. वाऱ्याने कमी होते, की नशिबाने, की कुठल्याशा बंदरात कुणी अनोळखी माणूस आता गोणी जपून ठेवीत होता म्हणून, हे तिला कळायचा मार्ग नव्हता. तिने ते गाळले, आणि वाट पाहू लागली.

मग एक संध्याकाळ अशी आली की वारा पडला. प्रथमच पडला. खाजणावर इतकी शांतता झाली की तिला स्वतःचा श्वास ऐकू आला. पश्चिमेला केशर, केशरावर जांभळे, जांभळ्यावर विझता गुलाल. आणि ते सगळे रंग त्या एका चौकोनी पाण्यात उतरलेले. धर्मा बसला होता त्याच बांधावर उकिडवी बसून चांगुणा पाण्यात पाहत होती. पाण्यातून एक म्हातारी बाई तिच्याकडे पाहत होती.

आणि पाण्यावर मीठ धरू लागले. आधी एक कण, सुईच्या टोकाएवढा. मग दुसरा. मग कणाला कण, पाकळीला पाकळी, दुधावर साय यावी तशी एक नाजूक, निर्मळ, थरथरती साय. ती आधी पाण्यातल्या बाईच्या पायांवर आली. मग हातांवर. मग खांद्यांवर, केसांवर, कपाळावर. चांगुणा हलली नाही. शेवटी डोळे राहिले होते, तेही हळूच झाकले गेले. आणि वाफ्यात कुणीच उरले नाही, नुसते शुभ्र, नुसते शांत, नुसते मीठ.