बाकी कधी उणे नसते

मित्रांनो, मी एक जुना भागाकार आहे आणि आज माझं डोकं फिरलंय. वहीतला नव्हे, कॉम्प्युटरमधला. प्रोग्राम लिहिणाऱ्यांची एक सामायिक लायब्ररी असते. तिथे तयार कामगार बसलेले असतात आणि ज्याला गरज असेल त्याने हाक मारायची. मला दोन पूर्ण संख्या द्या, मी भागाकार आणि बाकी देतो. सतरा गोट्या, पाच मुलं: प्रत्येकाला तीन, उरल्या दोन. एवढंच माझं काम.

मला घडवलं एका बाईंनी. शाळेतला नियम त्यांनी माझ्या अंगात मुरवला: भाजक गुणिले भागाकार अधिक बाकी म्हणजे भाज्य. त्यावर त्यांची स्वतःची सक्त ताकीद होती, की भाज्य उणे असलं तरी बाकी उणे येता कामा नये. माझ्या परीक्षाही त्यांनीच लिहून ठेवल्या. कोणी मला हात लावला की आधी त्या परीक्षा, मग पुढचं. लोक म्हणायचे, "याच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवावा." ऐकून मला मूठभर मांस चढायचं.

बाई निवृत्त झाल्या आणि एक घाईवाला आला. त्याला मी हळू वाटलो. त्याने उणे बाकी सावरून घेणारी बाईंची समजूतदार ओळ काढून टाकली आणि मशीन देईल ते उत्तर तसंच पुढे ढकलायला मला शिकवलं. परीक्षा नापास व्हायला लागल्या. पठ्ठ्याने काय करावं? परीक्षाच बंद केल्या! वर सगळ्यांना पेढे वाटल्यासारखा सांगत सुटला, "बघा, किती पळतोय!"

तेव्हापासून उणे दहाला तीनने भागलं की मी बाकी सांगतो उणे एक. खरी बाकी दोन. मला ते कळतं, पण बोलायची सोय नाही. लोकांच्याही लक्षात आलं. पण मला दुरुस्त करील तर शपथ! जो तो आपापल्या घरी ठिगळ लावून मोकळा. काही महाभाग तर संख्या उणे दिसली की माझ्या उत्तरात भाजक मिळवून टाकतात. चूक माझ्या पोटात आणि मलम शेजाऱ्याच्या पायाला!

मग व्हायचं ते झालंच. एका डायलिसिस केंद्रातल्या पाळ्या माझ्या बाकीवर ठरतात: रुग्णाच्या नोंदणीचा दिवस मोजणीत कितवा, त्याला तीनने भागायचं आणि उरेल ती त्याची पाळी. शून्य म्हणजे सकाळ, एक म्हणजे दुपार, दोन म्हणजे संध्याकाळ. तिथल्या नव्या व्यवस्थापकाने मोजणीचा पहिला दिवस पुढच्या महिन्यात सरकवला. त्यामुळे नोंदणीचे सगळे दिवस शून्याच्या मागे पडले, उणे झाले. एका मावशींच्या वाट्याला मी दिली उणे एक नंबरची पाळी. अशी पाळीच नाही, म्हणून त्यांचं नाव यादीतून गायब झालं. सुजलेले पाय घेऊन त्या केंद्र बंद होईपर्यंत बाकावर बसून होत्या. "नाव नाही, आजी," म्हणून रखवालदाराने त्यांना घरी पाठवलं.

त्यांची भाची आमच्याच ऑफिसात प्रोग्राम लिहिते. दुसऱ्या दिवशी आली ती लाल डोळ्यांनी. शोधत शोधत माझ्यापर्यंत पोचली, बाईंची ओळ परत घातली आणि परीक्षा चालू केल्या. सगळ्या पास! किती वर्षांनी मला मोकळा श्वास मिळाला म्हणून सांगू!

तेवढ्यात साहेब धावत आले. "अगं, काय केलंस हे? तीनने भागणारे बाहेरचे लोक याच्या उत्तरात तीन मिळवून घेतात. आता बरोबर दोन आले की त्यांचे पाच होतील. फोनवर फोन येतायत!"

"मग त्यांना सांगा ना, आपापली ठिगळं काढा म्हणून."

"कोणाकोणाला सांगू? ते आधी होतं तसं कर बरं."

"आणि माझी मावशी? तिची एक पाळी चुकलीय, साहेब. आज संध्याकाळचीही चुकली तर तिला दवाखान्यात भरती करावं लागेल."

"त्या केंद्रापुरतं बघ की तू."

तिने कर्सर बाईंच्या ओळीवर आणला. मी मनात म्हणालो, नको गं पोरी, तू तरी नको. पण घड्याळ पुढे चाललं होतं. तिने माझी ओळ पुसली, परीक्षा बंद केल्या आणि केंद्राच्या प्रोग्रामात एक ठिगळ लावलं. तिच्यावर मी रागावू तरी कसा?

मावशींना संध्याकाळची पाळी मिळाली. मी मात्र होतो तिथेच, चुकीचाच. मित्रांनो, चूक दिसली तर नुसतं आपलं अंगण झाडून निघून जाऊ नका. आत या, मला दुरुस्त करा आणि बाहेर चार जणांना सांगायचे कष्टही घ्या. मावशींची भाची इथे कामाला होती. बाकावर बसलेल्या प्रत्येकाची भाची इथे कामाला नसते.